हवेतील पाणी आणि निसर्गाची नक्षी : दवसंकलक लेपांचे आर्थिक परीक्षण

जयपूर शहराला एकेकाळी रामगड तलावाचे पाणी मिळत असे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच तलावात झाल्या होत्या. पुढे तलाव कोरडा पडला आणि शहराची मदार टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरील बिसलपूर धरणावर आली. आज जुन्या तटबंद शहराबाहेरच्या शास्त्री नगरसारख्या वस्तीतील नळाला येणारे पाणी शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून येते. भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा अधिक असल्याने विंधनविहिरी हा त्यावरचा उपाय राहिलेला नाही. अशा शहरात ‘हवेतून पाणी’ या कल्पनेविषयी कुतूहल निर्माण होणे स्वाभाविक आहे. वाळवंटातील भुंगेरा, निवडुंग, कोळ्याचे जाळे यांच्यापासून प्रेरणा घेऊन तयार केलेले नक्षीदार लेप हवेतील ओलावा पकडतात, अशी वृत्ते गेली सुमारे २५ वर्षे प्रसिद्ध होत आहेत. हे लेप शास्त्रीयदृष्ट्या खरे आहेत. प्रश्न आहे तो प्रति चौरस मीटर किती लिटर आणि प्रति लिटर किती रुपये, हा. विज्ञान व तंत्रज्ञान आणि अर्थव्यवस्था हे दोन्ही घटक अभ्यासणाऱ्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतः काढता येईल इतपत त्यामागील गणित समजून घेणे आवश्यक आहे.

धुके, दव आणि बाष्प

‘हवेतील पाणी’ या एका शब्दप्रयोगात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात आणि बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात. धुके म्हणजे हवेत तरंगणारे, आधीच द्रवरूप झालेले सूक्ष्म थेंब. ते केवळ अडवून गोळा करावयाचे असतात. दव म्हणजे थंड पृष्ठभागावर बाष्पाचे झालेले संघनन. येथे पृष्ठभाग हवेच्या दवबिंदू तापमानाखाली जावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे हवेतील अदृश्य बाष्प. ते यंत्राने हवा थंड करून किंवा शोषक पदार्थात धरून काढावे लागते. पहिल्या प्रकारात निसर्गाने संघननाचे काम पूर्ण केलेले असते, दुसऱ्यात रात्रीचे निरभ्र आकाश ते फुकट करून देते आणि तिसऱ्यात त्याची किंमत ऊर्जेच्या रूपाने मोजावी लागते.

जयपूरच्या हवामानाला ही विभागणी लावून पाहता येईल. समजा मे महिन्याच्या दुपारी तापमान ४० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. अशा प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. जानेवारीच्या पहाटे तापमान ८ अंश व आर्द्रता ८५ टक्के असेल, तर बाष्प सुमारे ७ ग्रॅम भरते. म्हणजे रखरखीत वाटणाऱ्या मे महिन्याच्या हवेत जानेवारीच्या गारठलेल्या हवेपेक्षा पाणी अधिक असते! परंतु जानेवारीत पृष्ठभाग हवेपेक्षा जेमतेम अडीच अंशांनी थंड झाला की दव पडू लागते. मे महिन्यातील त्या दुपारी दवबिंदू तापमान १३ अंशांच्या आसपास असल्याने तोच पृष्ठभाग २७ अंशांनी थंड करावा लागेल. ऑगस्टमध्ये हवेत प्रति घनमीटर २० ग्रॅमहून अधिक बाष्प असू शकते, पण तेव्हा आकाश ढगाळ असते आणि ढगांच्या आच्छादनाखाली छप्पर रात्री पुरेसे थंड होत नाही. शिवाय त्याच महिन्यात पाऊस पडत असतो, त्यामुळे दवाची गरजही नसते. सापेक्ष आर्द्रता, निरपेक्ष आर्द्रता आणि दवबिंदू या तीन संज्ञांमधील फरक परीक्षेत वारंवार विचारला जातो. तो पाठ करण्यापेक्षा या उदाहरणावरून ताडून पाहिलेला बरा.

अळूचे पान आणि नामिबचा भुंगेरा

मराठीत क्षणभंगुर गोष्टीला ‘अळवावरचे पाणी’ म्हणतात. अळूच्या किंवा कमळाच्या पानावर पाणी पसरत नाही, मोत्यासारखे गोल होते आणि पान जरा कलले की घरंगळून जाते. पानावरील मेणाचा थर आणि त्यावरील अतिसूक्ष्म उंचवटे यांमुळे थेंबाला पानाचा स्पर्श फारच थोड्या ठिकाणी होतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. तो ९० अंशांहून कमी असल्यास पृष्ठभाग जलस्नेही, अधिक असल्यास जलरोधी आणि १५० अंशांच्या पुढे गेल्यास अतिजलरोधी मानला जातो. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये या गुणधर्माचा संबंध पानाच्या स्वच्छतेशी जोडून दाखविला आणि ‘कमळ परिणाम’ ही संज्ञा रूढ झाली.

पाणी गोळा करणाऱ्याची अडचण मात्र दुहेरी असते. जलस्नेही पृष्ठभागावर थेंब सहज जन्मतो, पण चिकटून बसतो. त्याचा पातळ थर तयार होतो व सूर्य उगवला की तो पुन्हा हवेत जातो. जलरोधी पृष्ठभागावरून थेंब चटकन उतरतो, पण तेथे तो जन्मालाच उशिरा येतो. दोन्ही गुण एकाच पृष्ठभागावर आलटूनपालटून ठेवणे हे नक्षीदार लेपांचे मूळ सूत्र आहे.

या सूत्राची प्रेरणा आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंटातून आली. तेथे पाऊस अत्यल्प पडतो, परंतु अटलांटिक महासागरावरून धुके आत येते. तेथील काही भुंगेरे पहाटे वाळूच्या टेकडीवर चढून डोके खाली व पाठ वर करून धुक्याच्या दिशेने उभे राहतात आणि पाठीवर जमलेले पाणी ओघळत तोंडापर्यंत येते. हॅमिल्टन आणि सीली यांनी १९७६ मध्येच या वर्तनाची नोंद केली होती. २००१ मध्ये अँड्र्यू पार्कर आणि ख्रिस लॉरेन्स यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे मांडले, की भुंगेऱ्याच्या पाठीवर सुमारे अर्धा मिलिमीटर रुंदीचे जलस्नेही उंचवटे आणि त्यांमध्ये मेणचट जलरोधी खाचा असतात. उंचवट्यावर थेंब वाढतो आणि पुरेसा जड झाला की खाचेतून खाली उतरतो. या एका छोट्या लेखाने जगभरच्या प्रयोगशाळांना दिशा दिली. २०१० मध्ये चिनी संशोधकांनी कोळ्याच्या ओल्या धाग्यावर पाणी एका दिशेने कसे सरकते ते दाखविले, २०१२ मध्ये निवडुंगाच्या काट्यांवरील तशाच हालचालीचे विवेचन झाले आणि २०१६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील गटाने भुंगेरा, निवडुंग आणि घटपर्णी या तिघांचे गुण एकत्र करून असममित, निसरडे उंचवटे तयार केले.

भारतातही हे काम झाले आहे. गुवाहाटी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या रसायनशास्त्रज्ञांनी घटपर्णीच्या निसरड्या कडेवरून बोध घेऊन तेल मुरविलेला, नक्षीयुक्त पण जलस्नेही असा पृष्ठभाग तयार केल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. मंडी येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्लॅडिओलस कुळातील एका वनस्पतीच्या पानावरील रचना बहुवारिकाच्या पापुद्र्यावर उतरवून तिच्या जलसंकलनाचा अभ्यास करण्यात आला.

यातील एक उपकथा फारशी सांगितली जात नाही, पण ती महत्त्वाची आहे. २००१ च्या लेखात भुंगेऱ्याची जी जात सांगितली होती, तिची ओळख पुढे वादग्रस्त ठरली. २०१० मध्ये नॉरगार्ड आणि डाके यांनी नामिबमधील चार जातींची तुलना केली. धुक्यासमोर मुद्दाम उभे राहण्याची सवय त्यांना एकाच जातीत आढळली आणि त्या जातीच्या पाठीवर ते प्रसिद्ध उंचवटे नव्हते. म्हणजे नक्षीपेक्षा योग्य वेळी योग्य जागी, वाऱ्याच्या दिशेने उभे राहणे अधिक निर्णायक असावे. प्रयोगशाळेत तयार केलेल्या लेपांची उपयुक्तता त्यामुळे नाहीशी होत नाही, कारण ते स्वतंत्रपणे तपासले गेले आहेत. परंतु जलसंकलनात जागेच्या निवडीचे महत्त्व किती, हे त्यातून कळते.

लेपाची मर्यादा ऊर्जा ठरविते

संशोधनपत्रांत जलसंकलनाचा दर ताशी प्रति चौरस सेंटिमीटर इतके मिलिग्रॅम असा दिलेला असतो. हा आकडा वाचण्याची एक सोपी रीत आहे. ताशी १०० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे ताशी १ लिटर प्रति चौरस मीटर. असे शेकडो मिलिग्रॅमचे दर अनेक ठिकाणी नोंदविलेले आहेत. त्यावरून एखाद्याने १०० चौरस मीटर छपराचा हिशेब मांडला, तर रात्रीत हजारो लिटर पाणी मिळेल असे उत्तर येते आणि ते साफ चुकीचे असते. बहुतेक चाचण्यांत काही चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर यंत्राने तयार केलेले दाट धुके सोडलेले असते. पाणी आधीच द्रवरूपात होते, लेपाने ते फक्त अडविले.

दवाच्या बाबतीत वरची मर्यादा निसर्गाने आखून दिली आहे. एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २,४५० किलोज्यूल सुप्त उष्णता बाहेर पडते. ही उष्णता दूर नेली नाही, तर पृष्ठभाग तापून संघनन थांबते. निरभ्र रात्री छप्पर आकाशाकडे जी उष्णता उत्सर्जित करते ती प्रति चौरस मीटर ढोबळमानाने ७० वॅट धरली, तर १० तासांत सुमारे २,५०० किलोज्यूल होतात. म्हणजे हवा पूर्ण दमट असली आणि कोठेही काही वाया गेले नाही, तरी एका रात्रीत एका चौरस मीटरवर साधारण १ लिटरच पाणी मिळू शकेल. कोणताही लेप ही मर्यादा ओलांडू शकत नाही. लेप थंडावा निर्माण करीत नाही आणि बाष्पही आणत नाही. जमलेला थेंब सूर्योदयापूर्वी पन्हळीत उतरविणे, एवढेच त्याचे काम आहे. ज्या थेंबांचे अन्यथा पुन्हा बाष्प झाले असते ते वाचतात, हा त्याचा खरा लाभ.

पानंध्रोचा अनुभव

प्रयोगशाळा आणि छप्पर यांतील अंतर मोजण्यासाठी भारताजवळ एक उत्तम उदाहरण आहे. अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेतील प्रा. गिरजा शरण यांनी कच्छच्या किनारपट्टीत दवसंकलनाचा दीर्घ अभ्यास केला. फ्रेंच शास्त्रज्ञ डॅनिएल बेसां आणि त्यांचे सहकारी या कामात सहभागी होते. मार्च २००६ मध्ये कच्छमधील पानंध्रो येथे ८५० चौरस मीटर निव्वळ क्षेत्राचा संच कार्यान्वित झाला. त्या काळी तो जगातील सर्वांत मोठा दव व पर्जन्य संकलक होता. त्यात चर आणि वरंब्यांसारखी रचना असून उतार ३० अंशांचा होता. जमिनीची ऊब वर येऊ नये म्हणून अडीच सेंटिमीटर जाडीचा पॉलिस्टायरीनचा थर आणि त्यावर उष्णता चांगली उत्सर्जित करणारा प्लॅस्टिकचा पापुद्रा अंथरला होता. ऑक्टोबर ते मे दव आणि जून ते सप्टेंबर पाऊस, अशी त्याची विभागणी होती.

२००७ या वर्षात या संचाने सुमारे ६,५४५ लिटर दव गोळा केले. सर्वांत चांगल्या रात्री सुमारे २५१ लिटर पाणी मिळाले. क्षेत्रफळाने भागले असता वर्षाला प्रति चौरस मीटर ७.७ लिटर आणि सर्वोत्तम रात्री ०.३ लिटर, असे उत्तर येते. कच्छच्या किनाऱ्यावर समुद्राची दमट हवा आणि निरभ्र आकाश असा दुर्मीळ योग आहे. तेथेही प्रत्यक्ष उत्पादन सैद्धांतिक कमाल मर्यादेच्या बरेच खाली राहिले. या आकड्यांनी निराश होण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष क्षेत्रावर वर्षभर मोजलेले आकडे या विषयात विरळा आहेत आणि म्हणूनच ते मोलाचे आहेत.

आता शास्त्री नगरमधील १०० चौरस मीटर गच्चीचा हिशेब करता येईल. जयपूरला समुद्र जवळ नाही. तरीही पानंध्रोइतकेच दव मिळेल असे उदारपणे गृहीत धरू. वर्षाला ७७० लिटर, म्हणजे रोज दोन लिटरांहून किंचित अधिक. नक्षीदार लेपाने उत्पादन दुप्पट केले, तरी रोजचे चार लिटर होतात. जयपूरचा सरासरी वार्षिक पाऊस साधारण ६०० मिलिमीटर आहे. त्यातील ८० टक्के पाणी पन्हळीतून टाकीत उतरले, तर त्याच गच्चीवरून ४८,००० लिटर मिळतात. १५ ऑगस्ट २०१९ रोजी सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हा मापदंड मानला आहे. त्यानुसार पाच जणांच्या कुटुंबाला दिवसाला २७५ लिटर लागतात. दवाचे पाणी ही गरज भागविणार नाही. फार तर पिण्याच्या पाण्याचा एक भाग देईल. जयपूरलगतच्या जयगड किल्ल्यावर डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी दगडी पाटांनी मोठ्या टाक्यांत आणण्याची व्यवस्था आहे. ती बांधणाऱ्यांनी पावसाला प्राधान्य दिले, ते याच गणिताने.

एका लिटरची किंमत

दुप्पट उत्पादन देणारा लेप घ्यावा की नाही, हा सीमांत खर्च व सीमांत लाभ यांचा प्रश्न आहे. समजा साध्या दवसंकलक पृष्ठभागाचा खर्च प्रति चौरस मीटर ५०० रुपये, आयुष्य ५ वर्षे आणि वार्षिक उत्पादन ८ लिटर आहे. व्याज सोडून दिले तरी ४० लिटरांसाठी ५०० रुपये, म्हणजे लिटरला साडेबारा रुपये पडतात. लेपाने उत्पादन दुप्पट झाले तर दर सव्वासहा रुपयांवर येईल. परंतु लेपासाठी आणखी ५०० रुपये मोजावे लागले, तर दर पुन्हा साडेबारा रुपये. तो लेप दोन वर्षांतच निकामी झाला तर साध्या पृष्ठभागापेक्षाही पाणी महाग पडेल. म्हणून लेपाचे टिकाऊपण हा त्याच्या जलसंकलनाच्या दराइतकाच आर्थिक घटक आहे आणि संशोधनपत्रांत नेमकी त्याचीच चर्चा कमी असते. तोच पृष्ठभाग पावसाळ्यात पाऊसही गोळा करीत असेल तर खर्च दोन उत्पादनांत विभागला जातो. अर्थशास्त्रात याला संयुक्त उत्पादन म्हणतात. पानंध्रोच्या रचनेचे शहाणपण त्यातच होते.

तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे यंत्राने काढलेल्या पाण्याचे उदाहरण महाराष्ट्रात आहे. मध्य रेल्वेने २०२२ मध्ये मुंबई विभागातील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, ठाणे, कुर्ला, घाटकोपर आणि विक्रोळी या सहा स्थानकांवर हवेतून पाणी काढणाऱ्या ‘मेघदूत’ यंत्रांच्या १७ केंद्रांना परवानगी दिली. प्रवाशाच्या स्वतःच्या बाटलीत एक लिटर पाणी भरून देण्याचा तेव्हा जाहीर झालेला दर १२ रुपये होता. मुंबईची हवा वर्षभर दमट आणि ग्राहक बाटलीबंद पाण्याला तयार असलेला, त्यामुळे हा दर तेथे चालू शकतो. एका लिटरची सुप्त उष्णता सुमारे ०.६८ युनिट असते. शीतकरण यंत्र स्वतःच्या वीजवापराच्या काही पट उष्णता हलवीत असल्याने वीज त्याहून कमी लागते, तरी ती लिटरमागे युनिटच्या बऱ्यापैकी अंशाइतकी असतेच. समुद्राचे पाणी गोडे करण्यासाठी आधुनिक प्रकल्पांत १,००० लिटरला साधारण ३ ते ४ युनिट लागतात. चेन्नईने मिंजूर (२०१०) आणि नेम्मेली (२०१३) येथे तोच मार्ग पत्करला. या दोन आकड्यांतील अंतर जवळपास शंभरपट आहे.

मात्र याच यंत्रांत नक्षीदार लेपांना खरी संधी दिसते. थंड नळीवर पाण्याचा सलग थर साचला की तो उष्णतेला अडवितो. थेंब सुटे राहून झटपट गळून पडले, तर उष्णतेचे वहन कित्येक पटींनी सुधारते. हे १९३० पासून ज्ञात आहे. औष्णिक वीजकेंद्रातील संघनक, वातानुकूलन यंत्रे आणि हवेतून पाणी काढणारी यंत्रे, या सर्वांत असा टिकाऊ लेप वीज वाचवील. नळी यंत्राच्या आत, उन्हापासून आणि धुळीपासून सुरक्षित असते. राजस्थानातील उघड्या गच्चीवर एका आंधीची धूळ बसली, की अर्धा मिलिमीटरची नक्षी बुजून जाते.

धुक्याच्या बाबतीत चिलीतील चुंगुंगो गावाचा दाखला दिला जातो. एल टोफो डोंगरावरील जाळ्यांनी १९९२ पासून गावाला रोज सरासरी सुमारे १५,००० लिटर पाणी दिले. पुढे देखभालीअभावी ती व्यवस्था मोडली. तेथे समुद्रावरून वाऱ्याबरोबर धुके सतत येते. जयपूरचे हिवाळी धुके स्थिर हवेत, जमिनीलगत तयार होते. जाळ्यातून धुके वाहून नेणारा वाराच नसेल, तर जाळे कितीही कुशलतेने विणले तरी ते फारसे ओले होत नाही. शिवाय शहरी धुक्यात धूर मिसळलेला असतो.

पाण्याच्या गुणवत्तेचा मुद्दा यातूनच उपस्थित होतो. दवात क्षार कमी असतात, पण पृष्ठभागावरील धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि जंतू त्यात उतरतात. म्हणून भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार तपासल्याशिवाय ते पेयजल म्हणता येत नाही. अनेक अतिजलरोधी लेपांत फ्लोरिनयुक्त संयुगे वापरली जातात. ती निसर्गात लवकर विघटित होत नाहीत आणि पिण्याच्या पाण्यात त्यांचे अंश उतरू शकतात का, हे प्रत्येक लेपाबाबत स्वतंत्रपणे तपासावे लागेल. मेण किंवा वनस्पतिजन्य तेलांवर आधारित लेपांचे संशोधन त्यामुळे अधिक स्वागतार्ह आहे.

कोरड्या हवेसाठी शोषक पदार्थांचा वेगळा मार्ग पुढे आला आहे. धातू-सेंद्रिय चौकटी या सच्छिद्र पदार्थांसाठी सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या चौकटी रात्री कमी आर्द्रतेतही बाष्प धरतात व दिवसा उन्हाच्या उष्णतेने सोडतात. मे महिन्यातील जयपूरच्या हवेला दवापेक्षा हा मार्ग जुळणारा आहे. परंतु सोडलेले बाष्प पुन्हा कोणत्या तरी पृष्ठभागावर थेंब होऊनच उतरावे लागते. त्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता लेप द्यावा, हा प्रश्न तेथे पुन्हा उभा राहतो आणि त्याचे उत्तरही पूर्वीसारखेच प्रति चौरस मीटर लिटरांत आणि प्रति लिटर रुपयांत मोजावे लागते.